आधी कोण वाचावी: इझाबेला बर्ड की मेरी किंग्जली?

व्हिक्टोरियन काळातल्या प्रवासी बायकांचं वाचायचंय, पण सुरुवात कुणापासून करावी कळत नाही? मग या दोघींतली एक निवडा.

घर दोघींनाही मानवलं नाही. इझाबेला (१८३१–१९०४) पाठीच्या दुखण्याने घरी अंथरुणाला खिळायची आणि परदेशात पोचली की टुणटुणीत. १८७३ मध्ये ही बाई अमेरिकेतल्या कोलोरॅडोत दिवसदिवस घोड्यावर होती, गुरं वळत होती. लाँग्ज पीक हे शिखरही चढली. वाटाड्या जिम नुजंटने आपल्याला गाठोड्यासारखं ओढून वर नेलं, हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय. मेरी (१८६२–१९००) मात्र तिशीपर्यंत आजारी आईच्या उशाशी. १८९२ मध्ये आईवडील दोघंही गेले आणि पुढच्याच वर्षी तिने थेट पश्चिम आफ्रिका गाठली.

खरा फरक कळतो तो कपड्यांत. इझाबेला स्कर्टाखाली तुमान घालून घोड्यावर पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसे. गाव जवळ आलं की मुकाट एका बाजूला पाय घेई. तिने पुरुषी वेश केला असं एका वर्तमानपत्राने छापलं, तेव्हा बाई भयंकर चिडल्या. मेरीने तुमानीला साफ नकार दिला. जंगलात जनावरासाठी खणलेल्या खड्ड्यात ती पडली, खाली फूटभर लांबीचे अणकुचीदार खुंटे. जाड स्कर्टाच्या घड्यांनी वाचवलं, आणि त्यावर ती स्कर्टाचंच गुणगान गाते!

रोजचं जगणं वाचायचं असेल, तर इझाबेला. रॉकी पर्वतावरचं तिचं पुस्तक (१८७९) म्हणजे बहीण हेन्रिएटाला लिहिलेली पत्रंच. स्वयंपाक, झाडलोट, थंडी, शेजारी, सगळं त्यात येतं. झोपण्यापूर्वी एक पत्र, असं सहज होतं. पुढे याच बहिणीच्या नावाने तिने अमृतसरला रुग्णालय उभारलं.

मेरी जास्त हसवते, मुख्यतः स्वतःवर. कापड, तंबाखू, मासे धरायचे गळ विकत पश्चिम आफ्रिकेतल्या फँग लोकांच्या मुलखातून जाणारी ही बाई माणसं नीट बघते. साम्राज्य तिला नको होतं असं नाही, पण सिएरा लिओनमधल्या झोपड्यांवरच्या कराला तिने उघड विरोध केला. पाल्हाळ मात्र फार, मासे तर पानोपानी.

माझं मत मेरीला. इंग्रजीची सवय कमी असेल तर इझाबेलाच बरी. मेरी उघडलीत, तर सुरुवातीची प्रकरणं बिनदिक्कत ओलांडून पश्चिम आफ्रिकेतल्या ओगोवे नदीवर या.