दोआई की शिमोनादा?

दोन्ही जपानमधली रेल्वे स्थानकं, कर्मचाऱ्यांविना चालणारी आणि गाड्या मोजक्या. साम्य इथेच संपतं.

शिमोनादा शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतात, योसान मार्गावर आहे. १९३५ साली सुरू झालं. आज एकच फलाट, त्यावर छप्पर, दोन-चार बाकं आणि समोर थेट सेतो समुद्र. रेल्वेच्या स्वस्त तिकिटाच्या जाहिरातींमुळे ते प्रसिद्ध झालं. १९८६ मध्ये उचिको गावावरून जाणारा नवा जवळचा रेल्वेमार्ग निघाल्यावर जलद गाड्या तिकडे वळल्या, आणि किनाऱ्याचा हा फाटा निवांत राहिला. सूर्यास्ताला मात्र गर्दी होते. फोटो काढून झाला की करण्यासारखं फारसं काही उरत नाही, हेही सांगायला हवं.

गुन्मा प्रांतातलं, जोएत्सु मार्गावरचं दोआई विचित्र आहे. १९६७ मध्ये दुहेरीकरणासाठी सुमारे साडेतेरा किलोमीटरचा नवा शिमिझू बोगदा खोदला. नागाओका शहराकडे जाणाऱ्या गाड्यांचा फलाट त्या बोगद्यातच राहिला, उलट दिशेचा जुना फलाट वर जमिनीवर. खालून बाहेर यायला ४८६ पायऱ्या, लिफ्ट नाही! भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो. तानिगावा डोंगराचे गिर्यारोहक इथेच उतरतात. चढाई स्थानकातच सुरू होते म्हणा ना.

मिनाकामीहून, म्हणजे नागाओकाच्या विरुद्ध बाजूने, गेलात तर पायऱ्या चढाव्या लागतील, नागाओकाकडून आलात तर थेट जमिनीवर उतराल. गुडघे दुखत असतील तर शिमोनादा. नाहीतर मी दोआईच निवडेन, आणि तेही मिनाकामीहून.