‘विंडोज रिपेअर’चे २०,४९८ रुपये आणि एक फुकटची कमांड

आधी आकडे. ‘सिस्टिम फाइल रिपेअर’चे ८,४९९ रुपये. त्यावर ‘तीन वर्षांच्या प्रोटेक्शन प्लॅन’चे ११,९९९. एकूण २०,४९८, खोट्या ‘टेक सपोर्ट’वाल्याने फोनवर उकळलेले. बदल्यात काय मिळाले? विंडोजमध्ये आधीपासूनच असलेली एक फुकटची कमांड माझ्याच स्क्रीनवर चालवून दाखवली.

दुखणे साधे होते. अपडेट डाउनलोड व्हायचे, रीस्टार्टनंतर टक्के चढायचे, मग बदल मागे घेतल्याचा मेसेज आणि पुन्हा जुनेच विंडोज. एरर ०x८००७३७१२. म्हणजे कॉम्पोनंट स्टोअर बिघडले. सिस्टिम फाइल्सचा मूळ साठा विनएसएक्सएस फोल्डरमध्ये असतो, त्यातले काहीतरी खराब किंवा गायब. नवे अपडेट याच साठ्यावर बसते. साठाच नासका असेल तर अपडेट कितीही वेळा लावा, त्याच जागी आपटणार. लिहिणे चालू असताना वीज जाणे, डिस्क मरायला टेकणे, रॅम खराब असणे ही नेहमीची कारणे. व्हायरस फार नंतर येतो, पण फसवणारा पहिला शब्द तोच काढतो.

हा कोड सर्चमध्ये टाकला आणि सगळ्यात वर ‘अधिकृत सपोर्ट’चा नंबर झळकला. ती विकत घेतलेली जाहिरात होती. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. हो, माहीत होते. पण काम अडलेले, लोगो हुबेहूब, अशा वेळी ‘स्पॉन्सर्ड’ हा बारीक अक्षरांतला शब्द कोण वाचतो? शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःचे मशीन तसे अडवून बघावे.

त्या नंबरवर फोन केला. पुढे रिमोट ॲप (दुरून आपले मशीन चालवू देणारे) आणि गोड आवाज, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘पुरावे’ मात्र नीट समजून घ्या. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतात. त्या ठणठणीत मशीनवरही शेकड्याने असतात. त्यातली डिस्ट्रिब्युटेडकॉमची १००१६ क्रमांकाची नोंद तर दुर्लक्ष करा असे मायक्रोसॉफ्टच सांगते. मग ‘असॉक’ कमांड देऊन ८८८डीसीए६० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची लांबलचक ओळ दाखवतात: हा तुमचा लायसन्स नंबर, आमच्याकडेही हाच आहे, पडताळा! पडताळणारच, कारण ती ओळ जगातल्या प्रत्येक विंडोजवर तीच असते. मग ‘ट्री’. फोल्डरांची यादी सरसर पळत असताना हा पठ्ठ्या ‘हॅकर फाउंड’ टाइप करून ठेवतो आणि यादी थांबली की तेच शब्द निकाल असल्यासारखे खाली उमटतात. त्या शब्दांच्या आधी ‘सी:’चा प्रॉम्प्ट दिसतो का, एवढेच बघायचे. दिसला, तर ते माणसाने टाइप केलेले आहे.

आणि आता ती जागा, जिथे कळायलाच हवे होते. त्याने ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही सिस्टिम फाइल्स तपासणारी विंडोजचीच कमांड चालवली. शंभर टक्के झाल्यावर आलेल्या निकालाचे दोन भाग होते: खराब फाइल्स सापडल्या, आणि त्या यशस्वीपणे दुरुस्त केल्या. त्याने पहिला भाग मोठ्याने वाचला, ‘करप्ट’ या शब्दावर माउस गरागरा फिरवला आणि विंडो मिटली. दुरुस्ती झाली होती! फुकटात, माझ्या डोळ्यांसमोर! आणि त्यानंतर पैसे मागितले गेले. तो अर्धा निकाल आजही डोक्यातून जात नाही. निकालाची ओळ शेवटपर्यंत स्वतः वाचा, दुसऱ्याला वाचून दाखवू देऊ नका.

वर काम अर्धवटच. एसएफसी खराब फाइलच्या जागी साठ्यातली चांगली प्रत ठेवते. साठाच खराब असेल तर तो आधी डिझम या विंडोजमधल्याच दुसऱ्या कमांडने भरावा लागतो. या एररवरचा खरा उपाय तोच, आणि तेवढेच त्याने केले नाही. २०,४९८ रुपये गेल्यावर अपडेट पुन्हा त्याच कोडवर आपटले.

बँकेचे उत्तर: ओटीपी तुम्हीच दिलात, व्यवहार वैध. ‘प्रोटेक्शन प्लॅन’ नावाची वस्तूच अस्तित्वात नाही, हे ऐकायला तिथे कोणी नाही. पोलिसांकडे गेलो तर ‘हे आमच्याकडे नाही, सायबरला जा.’ सायबरच्या फॉर्ममध्ये आरोपीचे नाव आणि पत्ता विचारलेला. अहो, पत्ता माहीत असता तर फॉर्म कशाला भरला असता? एक साहेब म्हणाले, मशीनला हात लावू नका, पुरावा आहे. दुसरे म्हणाले, फॉरमॅट मारा आणि विसरा. तोवर रिमोट ॲप आत तसेच, कायमचा पासवर्ड लावून बसलेले. जाहिरातीची तक्रार केली तर ‘धोरणाचे उल्लंघन आढळले नाही’ असा आपोआप आलेला मेल. सर्वांनी सहकार्याबद्दल आभार मानले, हे विशेष!

म्हणून कोणाची वाट बघू नका. इंटरनेट तोडा. रिमोट ॲप काढण्याआधी त्याच्या कनेक्शन लॉगचा आणि समोरच्याच्या आयडीचा मोबाइलने फोटो घ्या, कारण ॲपसोबत लॉगही जाऊ शकतो. मग ॲप काढा, टास्क शेड्युलर आणि स्टार्टअप तपासा. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. कार्ड ब्लॉक करा. रिफंड देतो म्हणून फोन येईल, तोही त्यांचाच.

अपडेटचे काम मात्र घरबसल्या होते. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये (टाइप रोमनमध्येच करायचे) ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth). टक्के मध्येच बराच वेळ थिजतात, खिडकी बंद करायची नाही. मग ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ (sfc /scannow), मग रीस्टार्ट. डिझमने ०x८००एफ०८१एफ दिला तर त्याला चांगल्या फाइल्स मिळाल्या नाहीत. त्याच आवृत्तीची, त्याच भाषेची विंडोजची आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची प्रत असलेली) फाइल माउंट करून /सोर्समध्ये तिच्यातली इन्स्टॉल.विम द्या, सोबत /लिमिटॲक्सेस. आवृत्ती चुकली की तोच एरर परत. डाउनलोडच खराब झाल्याचा संशय असेल तर वूएयूसर्व्ह (wuauserv) आणि बिट्स (bits) या अपडेटच्या सर्व्हिस थांबवून सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डरचे नाव बदला. अपडेटची जुनी यादी पुसली जाते, बसलेली अपडेट जात नाहीत. एवढ्यानेही भागले नाही तर त्याच आयएसओतला सेटअप चालत्या विंडोजमधून चालवून फाइल्स आणि ॲप ठेवण्याचा पर्याय निवडा.

एक मात्र विसरू नका. त्या लाल खुणांत ‘डिस्क’ या सोर्सची ७ क्रमांकाची नोंद आहे का, हे शोधा. ती बॅड ब्लॉकची असते, आणि डिझमनंतरही फाइल्स पुन्हा खराब होत असतील तर मूळ बहुधा तिथेच. माझ्या यादीत ती होती. तो भामटा तिच्यावरून तीनदा स्क्रोल करत गेला. ती दिसली तर आधी बॅकअप, मगच ‘चेकडिस्क /आर’ (chkdsk /r). मरायला टेकलेल्या डिस्कवर ती तपासणी बॅकअपआधीच चालवली तर राहिलेला डेटाही जाऊ शकतो.