पुण्यातली एक कॅनडा पीआर कन्सल्टन्सी: कागदांना 5 स्टार, सल्ल्याला शून्य

कॅनडा पीआरचं (म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचं) पॅकेज, 85 हजार अधिक जीएसटी, फेब्रुवारी 2023 मधे साइन केलं. कंपनीचं नाव टाकत नाहीये, उद्या घरी नोटीस आली तर आईला कोण समजावणार. पण लग्न ठरलेलं आणि पीआरची फाइल चालू, अशी दोन्ही घोडी एकदम पळत असलेले बरेच जण असतात, त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी चांगलं ते सांगते. युनिव्हर्सिटीचे ट्रान्स्क्रिप्ट काढून वेसला (आपली डिग्री कॅनडासाठी तपासून देणारी संस्था) पाठवणं, ऑफिसकडून एक्स्पिरियन्स लेटर कुठल्या फॉरमॅटमधे मागायचं, ही कामं त्यांच्या डॉक्युमेंटेशनच्या मुलाने झकास केली. माझा एक मार्कशीटचा घोळ होता तो त्याने दोन फोनमधे मिटवला. त्याला पाच स्टार, पगारवाढ पण द्या.

आता कौन्सेलर मॅडम. माझं एमई झालेलं, वय 29, पाच वर्षांचा सॉफ्टवेअरचा अनुभव, आणि आयल्ट्स ह्या इंग्लिशच्या परीक्षेत चारही भागांत सीएलबी 10 (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी) आले होते. साखरपुडा मे मधे झालेला, लग्न 28 नोव्हेंबरला, हॉलचा ॲडव्हान्स पण दिलेला. मॅडमनी वापरलेली एक प्रिंटआउट उलटी केली, त्यावर माझे पॉइंट लिहिले (वय, शिक्षण, भाषा, अनुभव ह्यांचे मिळून, ज्याचे जास्त त्याला पीआरसाठी आधी बोलावतात), सिंगल 481, मॅरीड 454, आणि 454 ला लाल पेनाने दोनदा गोल केला. "बघा मॅडम, लग्न म्हणजे सरळ 27 पॉइंट गेले. त्यात मार्चमधे तुम्ही तिशीत जाताय, तिथे अजून 5 जाणार. तारीख पुढे ढकला." मी म्हटलं शक्य नाही, तर आवाज कमी करून म्हणे मग लग्न करा पण रजिस्टर करू नका, कागदावर तुम्ही सिंगलच, पीआर हातात आला की रजिस्टर करा आणि नवऱ्याला स्पॉन्सर करा, आमचं स्पाउस पॅकेज आहे 60 हजारात.

खरं सांगते, दोन दिवस मला ते पटलं होतं. घरी विषय काढला तर आई म्हणे मुहूर्त काय बसचं तिकीट आहे का पुढची तारीख घ्यायला, आणि होणाऱ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या की अगं सप्तपदी झाली की झालं लग्न, सरकारदरबारी नोंद होवो न होवो. मला वाटलं जुन्या लोकांचं बोलणं. नंतर कळलं की कायदा अगदी हेच म्हणतो, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7, सप्तपदीचा विधी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक. म्हणजे रजिस्टर नाही म्हणून सिंगल ही चक्क थाप, आणि ती थाप माझ्या सहीने जाणार होती, कौन्सेलर मॅडमच्या नाही. पकडलं गेलं तर मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे खोटी माहिती दिल्याचा ठपका, आणि पाच वर्षं बंदी.

मग नवऱ्याने (तेव्हा व्हायचा होता) डोकं चालवलं, म्हणाला ह्या बाईंकडे लायसन्स तरी आहे का बघ. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर वकील नाहीतर आरसीआयसी (लायसन्सवाला इमिग्रेशन कन्सल्टंट) लागतो, आणि आरसीआयसींची यादी त्यांच्या कॉलेजच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या, साइटवर कोणालाही बघता येते. मॅडमचं नाव नव्हतं. ऑफिसमधल्या कुणाचंच नव्हतं. हे मी 85 हजार भरायच्या आधी का नाही बघितलं ते विचारू नका.

ऑगस्टमधे एका लायसन्सवाल्या बाईंचा एक तास घेतला, 200 कॅनेडियन डॉलर, म्हणजे बारा हजाराच्या आसपास, पोटात गोळाच आला. त्यांचा पहिला प्रश्न: नवऱ्याचं इंग्लिश कसं आहे? सहा महिन्यांत हे मला कोणीही विचारलं नव्हतं!! लग्न झालं की माझे पॉइंट कमी होतात हे बरोबर, पण जोडीदाराच्या नावाचे 40 पॉइंट वेगळे असतात. त्यातले 10 कॅनडातल्या अनुभवाचे, ते सोडून द्या, पण त्याच्या बीईचे 8 आणि आयल्ट्समधे चारही सीएलबी 9 आणले (लिसनिंग 8, बाकी तिन्ही 7) तर 20. 454 अधिक 28, झाले 482. सिंगलपेक्षा एक जास्तच! मी त्यांच्यासमोरच हसायला लागले.

बाकीचे रस्ते पण त्यांनी सांगितले. सिंगल म्हणून पीआर घ्या, तिकडे जाऊन लँड व्हा, मग येऊन लग्न करा आणि स्पॉन्सर करा, हे कायदेशीर आहे, पण नुसता पीआर असेल तर स्पॉन्सर करताना तुम्ही कॅनडातच राहत असायला पाहिजे, म्हणजे साधारण वर्षभर नवरा इकडे आणि आपण तिकडे, शिवाय तीन वर्षं त्याच्या खर्चाची हमी आपली. दुसरं, नवऱ्याला फाइलमधे नॉन-अकम्पनिंग (सोबत न येणारा) दाखवा, पॉइंट सिंगलचे मिळतात, पण नाव जाहीर करावंच लागतं आणि त्याची मेडिकल पण होते. आणि लँडिंगच्या आधी लग्न करून लपवलं तर नियम 117(9)(ड), तो नवरा फॅमिली क्लासमधून पुढे स्पॉन्सरच करता येत नाही. 2019 पासून काही केसेसना सूट होती तेव्हा, पण सूट मिळेल म्हणून संसार पणाला लावायचा का, असं त्या म्हणाल्या. मॅडमचं 60 हजारांचं स्पाउस पॅकेज नेमकं ह्याच खड्ड्यावर उभं होतं.

पुढचं सगळं पळापळीत झालं. नवऱ्याचा वेस रिपोर्ट यायला नोव्हेंबर उजाडला, आयल्ट्स त्याने ऑक्टोबरमधे दिली, स्पीकिंगला 7 वर काठावर पास. जनरल ड्रॉ (ठरावीक पॉइंटच्या वरच्या सगळ्यांना बोलावतात तो) तेव्हा 500 च्या खाली यायचं नाव घेत नव्हते. खरा घाम फुटला पैशांवर, कारण एकीच्या जागी दोघं झालो की तेव्हा (2023 मधे) बँकेत 13,757 ऐवजी 17,127 डॉलर दाखवायला लागायचे, म्हणजे साडेदहा लाख, तेही सहा महिन्यांच्या सरासरीसकट, आणि केटरर म्हणतोय ॲडव्हान्स टाका. बाबांनी हॉलचा खर्च त्यांच्या खात्यातून केला म्हणून निभावलं.

28 ला लग्न, 1 डिसेंबरला हातावरची मेंदी तशीच असताना प्रोफाइलमधे मॅरीड केलं, स्कोअर 482. 8 डिसेंबरला स्टेमचा (सायन्स, इंजिनिअरिंग, आयटीवाल्यांचा) ड्रॉ आला, 5,900 जणांना बोलावलं, कटऑफ 481. आयटीए आली, म्हणजे पीआरचा अर्ज करायचं आमंत्रण.

तिथून अर्ज भरायला साठ दिवस आणि हातात मॅरेज सर्टिफिकेट नाही. फॉर्मवर भटजींची सही लागते, आणि आमचे भटजी लग्नसराईत रोज नव्या गावात. शेवटी नवरा पहाटे उठून नाशिकला गेला, तिथे दुसऱ्याच कोणाच्या तरी मांडवात अंतरपाट धरायच्या आधी सही घेतली, आधारची झेरॉक्स घेतली, वर त्या लोकांनी ह्याला नाश्ता पण घातला.

कन्सल्टन्सीला कळवलं तर अभिनंदनाच्या मेसेजखालीच इनव्हॉइस, डिपेंडंट ॲड-ऑन 25 हजार. नाही भरलं, फाइल स्वतः सबमिट केली, दोघांचे मिळून 2,730 डॉलर फी आणि 170 बायोमेट्रिक्सचे. मेडिकल आणि मुंढव्याला जाऊन पीसीसी (पोलिस क्लिअरन्स), हे तर तसंही आपल्यालाच करायचं असतं. जुलैमधे दोघांचा पीआर एकत्रच आला.

रिफंड मागितला, त्यांनी ॲग्रीमेंटच्या शेवटच्या पानावरचं बारीक अक्षरातलं कलम दाखवलं. त्यानंतरच्या माझ्या तीन मेसेजना उत्तर नाही. दिवाळीत मात्र स्पाउस पॅकेजची ऑफर आली, 60 चं 45 हजारात.