जातीबद्दल लिहायचं: भोगलेलं की तपासलेलं?

आमच्याकडे गावातल्या भेदभावावर लिहिणारे दोन प्रकारचे. एक भोगलेलं लिहितो, दुसरा एफआयआर, निकालपत्र आणि जबाब घेऊन बसतो.

भोगलेल्याला कोणाची बैलजोडी पोळ्याच्या तोरणाखाली मागं उभी राहते, टपरीवर कोणाचा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असतो, हे विचारावं लागत नाही. ते कुठल्याच दप्तरात नोंदलेलं नसतं. पंगतीत वाढणारा हात ज्या उंचीवरून भात टाकतो, ती उंची पंचनाम्यात येईल कशी?

पण अनुभव एकाच गल्लीचा असतो. शेजारच्या तालुक्यातही तेच चालतं का, हे त्यातून कळत नाही. विरोधक मग ‘एखाद्या घरचं भांडण’ म्हणून मोकळे होतात. (आणि होतातच, चावडीवर बसून बघा.) तिथं कागद लागतो.

कागदालाही मर्यादा आहेच. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. निव्वळ निकालपत्रावर लिहिणाऱ्याच्या हातून जातच निसटते.

माझा कल भोगलेल्याकडे. बाहेरच्यानं लिहू नये असं नाही, फक्त आधी वस्तीत जाऊन ऐकावं आणि ज्याचं दुखणं आहे त्याला मजकूर दाखवूनच छापावा.