नवीन डिस्क-पॅड टाकल्यावर ब्रेकला थरथर: परत बेडिंग, हबची सफाई, लेथ की सरळ नवीन जोड?

नवीन स्लॉटवाल्या (तोंडावर खाचा असलेल्या) डिस्क आणि परफॉर्मन्स पॅड टाकले, हौसेनं पन्हाळ्याला एक फेरी मारून आलो आणि दोन दिवसांनी हायवेला ऐंशीच्या स्पीडला ब्रेकवर नुसता पाय ठेवला तर स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. एवढे पैसे घालून जुनीच गाडी बरी होती म्हणायची वेळ आली. आता असं झालं की कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला असतोय, "डिस्क वाकडी हाय, उद्यमनगरात नेऊन फेसिंग मारून घे." फेसिंग म्हणजे लेथवर डिस्कचं तोंड छाटून सपाट करणं. सल्ला देणाऱ्याची पण चूक नाही म्हणा, जिथं गल्लीबोळात लेथ आहेत तिथं कुठल्याही दुखण्यावर लेथच आठवणार. पण मी हे सगळं क्रमानं, म्हणजे खरं तर उलट्या क्रमानं करून बसलोय, आणि माझं मत असं झालंय की नवीन डिस्क सहसा वाकडी नसते, ती ज्याच्यावर बसवलीय ते आधी बघायला पाहिजे. लेथ पळून जात नाही.

पैसे कुठं घालायचे ते ठरवायच्या आधी थरथर नक्की ब्रेकचीच आहे का बघा. ब्रेक न मारता पण ठराविक स्पीडला हलत असेल तर ते व्हील बॅलन्सिंग किंवा टायर, डिस्कला कशाला बदनाम करताय. ब्रेक मारल्यावरच हलतंय आणि स्टिअरिंगमध्ये जाणवतंय तर पुढची चाकं. स्टिअरिंग शांत पण सीटखाली हादरा बसतोय तर मागं बघा, आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागं ड्रम असतोय आणि ड्रम पण गोल राहत नाही कधीकधी. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या आत स्पीड ठेवून, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढून बघा, तो फक्त मागच्या चाकांवर चालतोय, हादरा तेव्हाच आला तर उत्तर मिळालं (पावसात हा उद्योग नको). आणि खडीवर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल टकटक करतंय ते एबीएस आहे, ते तसंच करणार, त्यासाठी गॅरेजला जाऊ नका.

दुसरा प्रश्न, कधीपासून? हा मला सगळ्यात कामाचा वाटतो. गॅरेजमधून बाहेर पडल्यापासूनच असेल तर बसवण्यातच काहीतरी राहिलंय, हबवर (डिस्क आणि चाक ज्याच्यावर बसतंय त्या गोल भागावर) घाण, नट वेडेवाकडे आवळलेले, नाहीतर डिस्कवरचं गंजू नये म्हणून लावलेलं तेल न पुसताच पॅड चढवलेत. एखादा घाट उतरल्यावर सुरू झालं तर पॅडचा माल डिस्कवर कमीजास्त चिकटलाय. आणि काही हजार किलोमीटर मस्त चालून मग हळूहळू सुरू झालं तर रनआउट, म्हणजे डिस्क फिरताना किंचित डोलतेय, तिचा उंच भाग प्रत्येक फेरीला पॅडला घासून जातोय, ब्रेक मारलेला नसताना पण, आणि घासून घासून डिस्कची जाडी एका जागी कमी होतेय. खरी थरथर या जाडीच्या फरकामुळं येते. ऐंशीच्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतंय, म्हणजे तो फरक सेकंदाला ११ वेळा तुमच्या हाताला लागतोय, आणि त्याला ०.०१-०.०२ मिमी एवढा फरक पण पुरतोय.

आता पर्याय. फुकटातला पहिला म्हणजे परत बेडिंग, ठरलेल्या रीतीनं ब्रेक मारून नवीन पॅड डिस्कशी जुळवून घेणं. पॅड डिस्कला नुसता घासत नाही, त्याच्या मालाचा एक पातळ थर डिस्कवर बसतोय आणि चांगला ब्रेक त्या थरावर लागतोय. थर सारखा बसला तर ब्रेक लोण्यासारखा, ठिपक्याठिपक्यांनी बसला तर थरथर. माझी चूक इथंच झाली. नवीन पॅडवर बेडिंग न करताच पन्हाळा उतरलो, सगळा उतार ब्रेकवर, गिअरवर काही नाही, आणि खाली वाघबीळला ट्रॅफिकमध्ये तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून दोन-तीन मिनिटं उभा राहिलो. पॅडचा ठसाच उमटला डिस्कवर. चाक काढल्यावर पॅडच्या आकाराचा काळपट डाग चक्क डोळ्याला दिसत होता, जसा तव्यावर करपलेल्या भाकरीचा राहतोय तसा.

बेडिंग कसं करायचं तर पॅडवाल्यानं कागद दिला असेल तर आधी तो वाचा, नसेल तर साधारण रीत अशी की पहाटे मोकळा रस्ता बघायचा, मी उजळाईवाडीच्या पुढं कागलकडं गेलतो, पण तेव्हा तिकडं सहापदरीचं काम आणि डायव्हर्जन होती, रस्ता बघूनच जा, मागं कोणी नाही याची खात्री करून ऐंशीवरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम जोरानं स्पीड उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, लगेच परत ऐंशी, असं आठ-दहा वेळा, मग दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता नुसती गाडी पळवून गार करायची. गरम असताना ब्रेक दाबून उभं राहायचं नाही, हँडब्रेक पण ओढायचा नाही. डाग जुना झाला असेल तर आधी डिस्क आणि पॅडवरनं १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं कोरडाच हात मारून ब्रेक क्लीनरनं पुसून घ्या. (ब्रेकची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, हवा मारून उडवू नका.) यानं माझी थरथर जवळपास गेली. पंधरा दिवसांनी परत आली, म्हणजे मूळ कारण दुसरंच होतं.

मग दुसरा पर्याय, जो पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होता, हब साफ करून डायल लावणं, म्हणजे डिस्क किती डोलतेय ते काट्यावर दाखवणारं डायल गेज लावून बघणं. आपल्या गावात याची एक मजा आहे, गॅरेजवाल्याकडं डायल गेज नसेल तरी शेजारच्या टर्नरकडं असतोयच. माझा एक मित्र शिरोली एमआयडीसीत शॉपमध्ये कामाला आहे, तो रविवारी मॅग्नेटिक स्टँड आणि डायल घेऊन आला. चाक काढलं, डिस्क सगळ्या नटांनी वॉशर घालून बसवली, डायलचं टोक डिस्कच्या कडेपासून १० मिमी आत टेकवलं आणि हातानं हळूहळू फिरवली. काटा गेला ०.१२ मिमीवर. बऱ्याच कंपन्या ०.०५ ते ०.१० च्या आत पाहिजे म्हणतात, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मी लगेच म्हटलं बघ, डिस्कच वाकडी. तो म्हणाला, "थांब की जरा, डिस्क काढ." डिस्क काढली तर हबच्या तोंडावर एका स्टडच्या (ज्याच्यावर चाकाचा नट आवळतात त्या बोल्टच्या) बुडाला गंजाची खपली, नखाएवढी. गगनबावड्याकडं पावसाळ्यात सारखं जाणं होतंय माझं, गंज धरणारच. आणि नवीन डिस्क बसवताना कुणी ती खरवडलीच नव्हती, जुनी काढली, नवी ठोकली, नट आवळले, झालं.

हिशोब बघा, हबचं तोंड मध्यापासून सहा-सात सेंटिमीटरपर्यंत आणि डिस्कची कड बारा-तेरावर, म्हणजे हबपाशी केसाएवढी खपली असली तर कडेला जवळजवळ दुप्पट डोलणार. वायर ब्रशनं, मग एमरी पेपरनं हब चकचकीत केला, स्टडच्या बुडाची खाच पण कोरून काढली, डिस्कची आतली बाजू पुसली. परत डायल, ०.०६. मग डिस्क एक भोक पुढं फिरवून बसवली, ०.०३. चार भोकांची डिस्क चार प्रकारे बसते, प्रत्येक वेळी हबची आणि डिस्कची चूक वेगळी जुळते, त्यातली कमीत कमी निवडायची आणि खडूनं खूण करून ठेवायची. कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना पण तेव्हाच बघा, एक जाम असली तर एकच पॅड सारखा घासत राहतोय. या सगळ्याला एक दुपार गेली आणि खर्च म्हणाल तर पेपर, क्लीनर आणि मित्राला मिसळ.

लेथचं आता. लेथ वाईट नाही, पण तो काय करू शकतोय आणि काय नाही हे बघा. चूक हबमध्ये असेल तर डिस्क लेथवर कितीही सरळ करा, गाडीवर परत बसली की डोलणारच. उलट लेथच्या चकात नीट धरली नाही तर चांगली डिस्क बिघडून येते. द्यायचीच असेल तर टर्नरला सांगा की डिस्कची जी बाजू हबला टेकते त्यावर लोकेट कर आणि दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये घे, एक बाजू मारून पलटी करून दुसरी मारली तर पॅरललपणा गेलाच समजा. जाडी व्हर्नियरनं बघून "ओके हाय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्याला दिसणारं सगळ्यात लहान मापच, ०.०२ मिमी आणि आपण शोधतोय तो फरकच तेवढा. मायक्रोमीटरनं गोलाकार आठ ठिकाणी बघायचं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, बऱ्याचदा नवीनपेक्षा जेमतेम २ मिमी कमी, म्हणजे पहिल्याच महिन्यात नव्या डिस्कचं आयुष्य छाटायचं का हा विचार करा. काही वर्कशॉपमध्ये गाडीवरच डिस्क फेस करायचं मशीन असतंय, ते हब आणि डिस्क दोघांची चूक एकदमच काढतंय, तसं मिळालं तर साध्या लेथपेक्षा ते बरं, फक्त नंतर डिस्कची जागा बदलायची नाही.

आणि एका केसमध्ये लेथचा उपयोगच नाही. डिस्क फार तापली, सहाशे-सातशे डिग्रीच्या घरात गेली की डागाखालचं ग्रे आयर्न (डिस्कचं बीड) बदलून कडक होतंय, त्याला सिमेंटाइट म्हणतात. आपल्या फाउंड्रीवाल्यांना वेगळं सांगायला नको, कास्टिंगला चिल पडली, म्हणजे पटकन गार होऊन ते कडक झालं, की टूल कसं उडतंय ते त्यांना माहिती, हे त्याचंच भावंड. निळे-काळे कडक ठिपके दिसतात, लेथवर तात्पुरते सपाट होतात, पण आत खोलवर असल्यामुळं थोड्या दिवसात परत वर येतात कारण बाजूचं मऊ लोखंड आधी झिजतंय. अशी डिस्क, किंवा भोकांपासून कडेपर्यंत तडा गेलेली डिस्क, सरळ भंगारात.

नवीन जोड कुणी घ्यावा मग? वर सांगितलेल्या दोन केस, आणि हब साफ करून चारही जागी फिरवून पण डायल मर्यादेत येत नाही आणि नुसत्या हबला डायल लावल्यावर तो सरळ दिसतोय अशी केस, तेव्हा डिस्कच खराब आणि वॉरंटीत भांडायला तुमच्याकडं आकडे आहेत. हबच डोलत असेल तर बेअरिंग किंवा हब बदला, नवीन डिस्क घेऊन पैसे वाया.

पॅडचं मात्र वेगळं. राजारामपुरी ते शाहूपुरी एवढीच गाडी फिरत असेल, महिन्यातनं एखादा आंबा घाट, तर रेसच्या ट्रॅककडं झुकणारे पॅड घेऊच नका, ते तापल्याशिवाय नीट लागत नाहीत आणि गार असताना थर बसवायच्या ऐवजी डिस्क खातात. अशा माणसानं त्याच डिस्क नीट साफ करून कंपनीचे पॅड टाकावेत, बेडिंग करून विषय संपवावा. घाटात भरलेली गाडी घेऊन नेहमी जाणाऱ्याला स्ट्रीट परफॉर्मन्स पॅड उपयोगी आहेत, मी तेच ठेवलेत. भोकांच्या डिस्क दिसायला भारी पण भोकापाशी तडे जायची सवय असते, त्यापेक्षा स्लॉटवाल्या किंवा साध्या व्हेंटेड (मधून हवा जायला पोकळी असलेल्या) बऱ्या.

हब साफ करून डिस्क फिरवल्यावर परत पेपर मारून बेडिंग केलं, त्यानंतर एक पावसाळा गेला, स्टिअरिंग शांत आहे. फक्त मध्ये पंक्चर काढायला गेलो तेव्हा पोरानं इंपॅक्ट गन उचलली आणि एकाच नटापासून गोल गोल धाड धाड सुरुवात केली. म्हटलं भावा थांब, गन ठेव, समोरासमोरचे नट आवळायचे, आणि डिकीतनं माझा टॉर्क पाना काढला, १०० न्यूटन मीटरला लावलेला, माझ्या गाडीचा तोच आकडा आहे, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. पोरगं हसलं, पण चारही नट त्यानं त्याच पान्यानं क्लिक वाजेपर्यंत आवळले आणि मग विचारलं, केवढ्याला मिळतोय हा?