एअरसाइड परवान्याच्या नावाखाली गेलेले 1 लाख 13 हजार रुपये

मी सध्या मुंबई विमानतळावर एका ग्राउंड हँडलिंग एजन्सीत उपकरणचालक म्हणून काम करतो. सामानाच्या डॉल्या, म्हणजे चाकांच्या गाड्या, ओढणारा टग, सामान चढवण्या-उतरवण्यासाठी विमानाच्या पोटाशी लावायचा बेल्ट लोडर आणि प्रवाशांची शिडी ही माझी रोजची वाहने. हे काम मिळण्यापूर्वी, 2023 च्या पावसाळ्यापासून 2024 च्या मार्चपर्यंत, याच कामाचे प्रशिक्षण आणि परवाना देतो असे सांगून माझ्याकडून 1,13,000 रुपये घेण्यात आले. प्रशिक्षण खोटे होते आणि परवानाही खोटा होता. तेव्हा माझा कशावर विश्वास बसला आणि त्यातले नेमके काय खोटे होते हे आज आत काम करताना कसे उमगते, ते सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्या भागातली मुले अजूनही तशाच पावत्या खिशात घेऊन मुंबईला येत आहेत.

आमचे गाव कृष्णाकाठचे. बी. ए. झाल्यावर नोकरी मिळेना म्हणून मी जड वाहनाचा परवाना काढला. गळीत हंगामात ऊसवाहतूक करायची आणि उरलेले महिने मिळेल त्या टँकरवर जायचे, अशी तीन वर्षे गेली. तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोरच्या इमारतीत एका संस्थेचा फलक लागला होता: विमानतळ ग्राउंड हँडलिंग, उपकरणचालक अभ्यासक्रम, 100 टक्के नोकरी. संस्थेचे संचालक स्वतः भेटत, चहा मागवत आणि कोणतीही घाई न करता बोलत.

त्यांनी पहिल्या भेटीत जे सांगितले त्यातला मोठा भाग खरा होता, आणि माझ्या मते फसवणूक यशस्वी झाली ती याच कारणाने. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतची जमिनीवरची बहुतेक कामे हँडलिंग एजन्सी करतात, त्यांना जड वाहनाचा परवाना असलेले चालक हवे असतात आणि विमाने उभी राहतात त्या भागात, म्हणजे एअरसाइडला, गाडी चालवायची तर आरटीओचा परवाना पुरत नाही, त्यासाठी एडीपी नावाचा वेगळा परवाना लागतो, हे सगळे त्यांनी सांगितले. घरी येऊन मी मोबाइलवर शोधले तेव्हा प्रत्येक गोष्ट खरी निघाली. एडीपी खरोखरच असतो एवढे कळल्यावर माझी शंका संपली. तो परवाना देण्याचा अधिकार या संस्थेला आहे का, हा त्यापुढचा प्रश्न मात्र मी विचारलाच नाही.

पैसे एकदम मागितले असते तर मी गेलो नसतो. प्रवेशाचे 15,000 आणि अभ्यासक्रमाचे 60,000 एवढीच रक्कम आधी सांगितली होती. त्यासाठी मी गावातल्या पतसंस्थेतून कर्ज काढले आणि माझे चुलते जामीनदार राहिले. अभ्यासक्रम अर्ध्यावर आला तेव्हा वैद्यकीय तपासणीचे 3,000 आणि गणवेशाचे 4,500 निघाले. शेवटच्या महिन्यात विमानतळ प्रवेशपत्राचे 18,000 आणि एडीपीचे 12,500 मागितले गेले, आणि ‘आता थांबलात तर मागचे सगळे वाया जाईल’ असे सांगितले गेले. हे दोन शेवटचे हप्ते मी संचालकांच्या एका नातेवाइकाच्या वैयक्तिक खात्यावर मोबाइलवरून पाठवले. पावती संस्थेच्या शिक्क्याची मिळाली, पण तीवर ‘प्रशासकीय शुल्क’ एवढेच लिहिलेले होते.

प्रशिक्षणाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण ते उघडउघड पोकळ असते तर आम्ही सातही मुले पहिल्याच महिन्यात बाहेर पडलो असतो. भिंतीवर विमानांची मोठी चित्रे होती, दररोज दोन तास वर्ग होत, इंग्रजी संज्ञा पाठ करून घेतल्या जात. मागच्या मोकळ्या जागेत पिवळा रंग दिलेला एक शेतीचा ट्रॅक्टर होता, त्याला मालाच्या दोन छोट्या ट्रॉल्या जोडून आम्हाला वळणे घ्यायला लावत आणि त्यालाच टग म्हणत. खरा टगही दिसायला ठेंगण्या ट्रॅक्टरसारखाच असतो, त्यामुळे चित्र आणि वस्तू यांत आम्हाला तफावत वाटली नाही. कोपऱ्यात एक डिझेल जनरेटर होता, लग्नाच्या मांडवामागे असतो तसा, आणि तो जीपीयू म्हणून दाखवला जाई. जीपीयू हे उभ्या विमानाला वीज पुरवणारे यंत्र असते. एअरबस 320 किंवा बोइंग 737 सारख्या विमानाला त्यातून 115 व्होल्ट आणि 400 हर्ट्झची वीज द्यावी लागते, तर आपल्या घरातली वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची असते. ज्या जनरेटरवर संस्थेचे पंखे चालत होते तो विमानाला जोडता येणे शक्यच नव्हते, ही गोष्ट मला कामावर लागल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात कळली.

टो-बारचेही तसेच. विमान मागे ढकलताना पुशबॅक ट्रॅक्टर आणि विमानाचे पुढचे चाक यांच्यामध्ये हा दांडा असतो, आणि जोर प्रमाणाबाहेर गेला तर आधी त्यातली शिअर पिन तुटावी, चाकाच्या खांबाला इजा होऊ नये, अशी त्याची रचना असते. आम्हाला टो-बार म्हणजे ट्रॉलीची दांडी एवढेच शिकवले गेले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की विमानाजवळ जाण्याची शिस्त आम्हाला कुणी शिकवलीच नाही. इंजिने बंद होऊन लाल दिवा विझल्याशिवाय आणि चाकांना चॉक, म्हणजे अडसर, लागल्याशिवाय पुढे जायचे नाही, जाण्यापूर्वी थांबून ब्रेक तपासायचे, बेल्ट लोडर दरवाज्याशी नेताना बाजूला उभ्या सहकाऱ्याच्या हातवाऱ्यांवर चालायचे, जमिनीवर पडलेला एखादा खिळा किंवा पिशवीचा तुकडा दिसला तरी तो उचलायचा, हे या कामातले पहिले धडे आहेत. इंजिनाने ओढलेला एक खिळा किंवा विमानाच्या पत्र्याला बसलेला एक धक्का उड्डाण रद्द करू शकतो आणि लपवला गेला तर त्याहूनही वाईट घडू शकते. त्या ट्रॅक्टरवर शिकलेला एखादा मुलगा कसाबसा आत पोहोचला असता तर काय झाले असते, हा विचार मला पैशांपेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

मार्च 2024 मध्ये आम्हा सातजणांना नियुक्तिपत्रे आणि प्रत्येकी दोन कार्डे मिळाली. एका कार्डावर छायाचित्र, क्रमांक आणि ‘विमानतळ प्रवेश’ असे होते. दुसऱ्यावर एडीपी, आणि खाली ‘भारतातील सर्व विमानतळांवर वैध’ अशी ओळ होती. सोबतच्या प्रमाणपत्रावर आयाटा या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचे बोधचिन्ह छापलेले होते. आम्ही रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सहारला, मुंबई विमानतळाच्या भागात, पोहोचलो. ज्या एजन्सीचे नाव पत्रावर होते तिचे कार्यालय विचारत गेलो, तेव्हा तेथील एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी पत्रे पाहिली, कार्डे पाहिली आणि आम्हाला आधी बसायला सांगून पाणी दिले. पत्र त्यांच्या संस्थेचे नव्हते, सही करणारी व्यक्ती त्यांच्याकडे नव्हती. नंतर ते म्हणाले, ‘बाळांनो, ही कार्डे फाडू नका, हा तुमचा पुरावा आहे. पण ती गळ्यात घालून कोणत्याही गेटवर जाऊ नका.’

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा पूर्ण कळला नव्हता. विमानतळाच्या गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल असते, आणि बनावट प्रवेशपत्र दाखवून आत जाण्याचा प्रयत्न हा गंभीर गुन्हा ठरतो. पैसे आम्ही गमावले होते आणि आरोपीही आम्हीच झालो असतो. आमच्यातला एकजण सरळ गेटवर जाऊन कार्ड दाखवू या म्हणत होता. त्या अधिकाऱ्यांमुळे ते टळले.

आता खरी पद्धत सांगतो. विमानतळाचे प्रवेशपत्र नागरी विमान सुरक्षा ब्यूरोच्या नियमांनुसार दिले जाते आणि त्याचा अर्ज उमेदवार करत नाही, त्याला नोकरीवर घेतलेली संस्था करते. आधी निवड होते, मग पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, सुरक्षेचे प्रशिक्षण होते आणि त्यानंतर प्रवेशपत्र मिळते. एडीपी त्याच्याही पुढची पायरी आहे. तो विमानतळ चालवणारी संस्था देते, त्यासाठी प्रवेशपत्र आणि वैध वाहन परवाना हातात असावा लागतो, त्या विमानतळाचे नकाशे, मार्ग व नियम शिकून परीक्षा द्यावी लागते, आणि तो त्या विमानतळापुरताच असतो. मुंबईचा एडीपी दाखवून पुण्याला टग चालवता येत नाही. म्हणून ‘सर्व विमानतळांवर वैध’ ही एक ओळ वाचूनही ते कार्ड खोटे असल्याचे ओळखता आले असते. माझ्या आजच्या एजन्सीने माझ्याकडून प्रवेशपत्रासाठी किंवा एडीपीसाठी एक रुपयाही घेतलेला नाही.

प्रवेशपत्र संस्थेशी किती घट्ट बांधलेले असते ते 2025 च्या मे महिन्यात आम्ही डोळ्यांनी पाहिले. 15 मे रोजी सेलेबी या तुर्की कंपनीच्या भारतातील हँडलिंग व्यवसायाची सुरक्षा मंजुरी ब्यूरोने रद्द केली. ही कंपनी मुंबईसह देशातील 9 विमानतळांवर काम करत होती. वर्षानुवर्षे रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेवर, घाम गाळलेल्या अनुभवी कामगारांनाही त्यानंतर नव्या संस्थेच्या नावाने सगळी व्यवस्था पुन्हा लावून घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीची मंजुरी एका दिवसात जाऊ शकते, तर तालुक्याच्या बसस्थानकासमोरची संस्था कुणाला कायमचे प्रवेशपत्र कोणत्या अधिकाराने देणार?

प्रत्येक शुल्क खोटे असते असेही माझे म्हणणे नाही. सरकारी मालकीच्या एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या हँडलिंग कंपनीच्या भरतीच्या जाहिरातींत 500 रुपयांचे अर्ज शुल्क असते, पण ते कंपनीच्या नावाने डिमांड ड्राफ्ट काढून भरायचे असते आणि जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते. त्यांच्याकडे रॅम्प ड्रायव्हरच्या पदासाठी दहावी उत्तीर्ण आणि जड वाहनाचा मूळ परवाना अशी अट असते. म्हणजे माझ्याकडे जे आधीपासून होते तेच पुरेसे होते, आणि 60,000 रुपयांच्या प्रमाणपत्राचा कुठेही उल्लेख नव्हता. 16 जुलै 2024 रोजी कलिन्यात त्यांच्या थेट मुलाखती झाल्या तेव्हा मीही रांगेत होतो. 2,216 जागांसाठी 25,000 च्या आसपास उमेदवार आल्याचे वृत्तपत्रांत छापून आले. रेटारेटी इतकी झाली की शेवटी अर्ज जमा करून लोकांना परत पाठवण्यात आले. तिथे मला काम मिळाले नाही, पण मिळालेली वागणूक निदान खरी होती. पुढे दिवाळीनंतर दुसऱ्या एजन्सीत माझी वाहनचाचणी झाली आणि निवड झाली.

तक्रारीबाबत. सातजणांपैकी तिघांनीच ती केली. उरलेल्यांनी घरी अजून सांगितलेलेही नाही. एकाने गावात ‘मुंबईला विमानतळावर लागलो’ असे सांगून भिवंडीच्या गोदामात काम धरले आहे. ही लाज त्या संस्थेला फार उपयोगी पडते. आमचा व्यवहार 1 जुलै 2024 पूर्वीचा असल्याने जुन्या दंड संहितेच्या कलम 420 खाली तक्रार दिली. त्यानंतरच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागू होते. ‘प्रशिक्षण तर मिळाले ना, मग हा दिवाणी वाद आहे’ असे आम्हाला सुरुवातीला ऐकावे लागले. बनावट कार्डे टेबलावर ठेवल्यानंतरच प्रश्नांचा सूर बदलला, म्हणून सांगतो की कार्ड, पावती, लिफाफा, संदेश, काहीही नष्ट करू नका. ज्यांनी नुकतेच मोबाइलवरून किंवा बँकेतून पैसे पाठवले असतील त्यांनी त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी थोपवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. मी ते केले तेव्हा कित्येक आठवडे उलटून गेले होते. ग्राहक आयोगाकडेही आम्ही अर्ज केला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, मात्र कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावे लागते.

पतसंस्थेचे हप्ते मी अजून फेडत आहे. चुलत्यांना एक नोटीस आली तेव्हा ते मला काही बोलले नाहीत, स्वतः जाऊन दोन हप्ते भरून आले.

फलक आता उतरला आहे, पण तोच अभ्यासक्रम शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने सुरू असल्याचे तिथल्या एका मुलाच्या पावतीवरून दिसले. पावतीचा नमुना तोच, ‘प्रशासकीय शुल्क’ हे शब्द तेच. त्याने प्रवेशपत्राचे 18,000 अजून दिलेले नव्हते आणि आता देणार नाही. 2023-24 च्या आमच्या तुकडीच्या आधी आणि नंतर ज्यांनी तिथे पैसे भरले, त्यांपैकी जे कुणी हे वाचतील त्यांनी आपली पावती आणि कार्ड घेऊन आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पुढच्या तारखेला आमच्या वकिलांना तीन अर्जांऐवजी तीस अर्ज दाखवता आले, तर हा दिवाणी वाद आहे असे कुणाला म्हणता येणार नाही.