हुतात्मा पोलिसांची नामभिंत: लेझर, सँडब्लास्ट की पितळ?

नमुन्याची पाटी तिन्ही प्रकारांत देखणीच दिसते. पण ही यादी कधी संपत नाही, म्हणून पुढचं नाव त्याच वळणाच्या अक्षरात त्याच भिंतीवर कोरता येईल का, हे आधी तपासावं.

लेझरने काळ्या ग्रॅनाइटचं फक्त पॉलिश फुटतं आणि अक्षर पांढुरकं उमटतं. चेहरा उतरवायला याला तोड नाही. उघड्यावरच्या नावांना मात्र हे काम नको. पाण्याचे क्षार बसले की उथळ अक्षर वाचेनासं होतं.

आमची पसंती सँडब्लास्टला. रबराचं स्टेन्सिल (अक्षरं कापलेला साचा) चिकटवून दाबाच्या हवेने वाळूसारख्या कणांचा मारा केला की २ ते ३ मिमी खोल खाच मिळते. रंग उडाला तरी खाच शाबूत राहते, पुन्हा भरता येतो. खोट एकच, पण नेहमीची: अक्षर बारीक घेतलं तर ‘ब’ किंवा ‘ष’च्या पोटातला रबराचा तुकडा माऱ्यात उडतो आणि तिथे नुसता खड्डा पडतो. नावाची उंची २० मिमीच्या खाली नेऊ नये. स्टेन्सिलची फाइल फॉन्टसकट स्वतःकडे घ्या. ती ठेकेदाराकडे राहिली तर पाच वर्षांनी वेगळंच वळण भिंतीवर येतं.

पितळेचं थोडक्यात: नवी पट्टी लावणं सोपं, पण जुन्यांशेजारी ती एकटीच चमकते. वरचं लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) उडालं की हिरवे ओघळ दगडावर उतरतात. चोरीची धास्ती वेगळीच.

मांडणीत हौसेने वर्षवार क्रम लावतात आणि तिथेच फसतात. जुन्या मृत्यूची नोंद उशिरा मान्य झाली की त्या वर्षाखाली जागाच उरत नाही. वॉशिंग्टनच्या १९९१ च्या राष्ट्रीय पोलीस स्मारकात नावं वर्णानुक्रमानेही नाहीत आणि तारखेनेही नाहीत. सूचीत फलक आणि ओळ पाहून नाव सापडतं. दिल्लीत चाणक्यपुरीला २०१८ साली झालेल्या स्मारकात ३० फुटी, २३८ टनी अखंड ग्रॅनाइट मधोमध आहे, पण ३४ हजारांवर नावं वेगळ्या शौर्यभिंतीवर. हे बरोबरच केलं. मधला दगड तसाच राहतो, भिंत वाढवता येते.

कोरण्याआधी पूर्ण आकाराचं कागदी प्रूफ कुटुंबाकडून आणि सेवापुस्तकावरून तपासून सही घ्या. चुकीचं अक्षर इपॉक्सीने (कडक होणाऱ्या राळेने) बुजवलं तरी त्याची चमक वेगळी पडते. म्हणून एका फलकावर २०-२५ नावंच ठेवा, म्हणजे चूक झाली तरी एकच फलक बदलावा लागेल. फलक नुसता चिकटवू नका, स्टेनलेस स्टीलच्या पिनांवर बसवा. साध्या लोखंडाची पिन गंजून फुगते आणि दगडाचा कोपरा उडवते.

ऑर्डर देतानाच त्याच ठोकळ्यातले काही कोरे फलक जादा कापून घ्या. काळ्या ग्रॅनाइटची छटा ठोकळ्यागणिक बदलते आणि नंतर आणलेला दगड लांबूनही ओळखू येतो.